घरटका भरला का?

सदुकाका भेटले की ‘कसं काय’ नाही, ‘जेवण झालं का’ नाही. पहिला प्रश्न ठरलेला, “काय वहिनी, घरटका भरला का?”

लग्न होऊन मी ठाण्याला टेंभी नाक्याच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी कळशी भरून येताना मला हा प्रश्न आला. मी घाबरलेच. म्हटलं, सासरी काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक! सासूबाई आतून ओरडल्या, “अगं, घरपट्टी म्हणतायत ते. हो म्हण नि आत ये!” खरं तर आम्ही भाडेकरू, घरपट्टी भरायची ती मालकाने. पण हे सदुकाकांना सांगायची चाळीत कुणाची छाती नव्हती.

काकांनी उभा जन्म सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात घालवला होता. पेन्शनीत आले तरी ते कागद काही डोक्यातून जाईनात. “घरपट्टी हा काय शब्द आहे? पट्टी जखमेला बांधतात!” असं म्हणून ते माझ्या उंबऱ्यावर बैठक मारायचे, आणि इकडे माझं दूध उतू जायचं. पेशवाईच्या कागदांत घरामागे घेत तो घरटका. मग साहेब आला, म्युनिसिपालट्या आल्या आणि एवढा चांगला शब्द अडगळीत गेला, याचं त्यांना सुतक होतं. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी हा इतिहास ऐकवलेला. पोस्टमन तर बिचारा त्यांचं टपाल आमच्याकडे टाकून पळायचा.

“घरटका दगडविटांचा नव्हे, वहिनी. दिव्याचा! ज्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतो, ते चालतं घर. त्याचा टका. दिवा नाही ते बेचिराग. त्याला माफी. आणि माफी मिळाली की समजावं, घर मेलं.”

हे कागदात किती आणि काकांच्या पदरचं किती, देव जाणे. मी आपली “हो का?” म्हणत तांदूळ निवडायची.

काकांचं स्वतःचं घर डोंबिवलीला होतं, माझ्या माहेरच्या मागच्याच गल्लीत. तिथली हकीकत मला आईकडून कळलेली. काकू लवकर गेल्या, मागे एकुलती एक मुलगी कुमुद. तिने परजातीत लग्न केलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तर काकांनी दार उघडलं नाही. दोघं बराच वेळ ओट्यावर उभी राहिली आणि गेली, ती थेट नागपूरला. महिन्याभरात काकांनी घराला कुलूप लावलं आणि आमच्या चाळीत खोली घेतली. मला त्यांचा राग यायचा. स्पष्टच सांगते, पोटच्या पोरीला असं उभं ठेवणाऱ्या माणसाचा इतिहास ऐकताना माझी जीभ शिवशिवायची.

दर शनिवारी ते डोंबिवलीला जाऊन राहत आणि रविवारी परत येत. मला वाटे, चिकटोबा कुलूप बघून येतात.

एकदा काका हातात नोटीस घेऊन आमच्या दारात आले. “वहिनी, मारलं हो माझं घर त्यांनी!”

मी नोटीस वाचली. घर बंद आढळल्यामुळे पट्टीत सूट मिळाली होती. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते.

“मी बुधवारी तिथे नसतो. त्या इन्स्पेक्टराने नेमका बुधवार गाठला. तुम्ही तिकडच्या, साक्षीला चला.”

आमचे हे म्हणाले, “जा बाई, नाहीतर ते इथेच उपोषणाला बसतील.”

डोंबिवलीच्या कचेरीत कारकुनाला आधी कळेचना. “आजोबा, लोक पट्टी वाढली म्हणून भांडतात. तुमची कमी झालीय.”

“मी मागितली होती का सूट? पूर्ण लावा! घर चालतं आहे माझं. दर शनिवारी दिवा असतो. या वहिनींच्या आईला विचारा.”

आईने मला दिव्याचं सांगितलं होतं, अगदी सहज. काका ओटीवर कंदील लावतात आणि दार सताड उघडं टाकून बसतात, झोप येईपर्यंत. मी म्हटलेलं, म्हातारा उकाड्याने बसत असेल. आता त्या कचेरीत उभ्या उभ्या ते दार कुणासाठी उघडं असतं हे माझ्या लक्षात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

सगळी कचेरी मजा बघायला गोळा झाली होती. कारकुनाने हसू दाबत फॉर्म पुढे ओढला. “बरं, घरात राहणार कोण कोण?”

“मी.”

“एकटेच?”

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “आणि कुमुद. माझी मुलगी. ती... यायची आहे.”

“कधी?”

काका टेबलावरचा फॉर्म उगाच सरळ करू लागले.

मला राहवलं नाही. “काका, तिला बोलावलंत का कधी?”

त्यांनी मान हलवली. “कुठल्या तोंडाने बोलावू, वहिनी? दार मी लावलं होतं.”

“मग लावणाऱ्यानेच उघडायचं! सगळ्या गावाचे कागद वाचलेत, आता एक स्वतःचा लिहा.” मी सरळ समोरच्या पोस्टातून कार्ड आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. कारकुनाने मुकाट्याने आपला टाक दिला.

काकांनी कार्ड पुढे ओढलं. मग लिहिलं ते एवढंच, “चि. कुमुद व जावईबापू यांस आशीर्वाद. घरटका भरला आहे. दार उघडे आहे. यावे.”

मग त्यांनी कार्ड उलटं केलं. आता पत्ता कुठून आणायचा, या विचारात मी पडले. काकांनी मात्र न थांबता लिहिला. नागपूरची गल्ली, घराचा नंबर, वरचा मजला, सगळा तोंडपाठ होता.