मूळ वाण बघणारे बापूराव

माझ्या साखरपुड्यात बापूराव ढग्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढली. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. बापूराव मात्र निवांत म्हणाले, "वाण चांगला हाय. पोरगी म्हातारपणी बहिरी व्हायची न्हाई. करा लगीन!"

परभणीत बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. दिवसभर ज्वारीचं, कापसाचं बी उगवून त्याची जात पारखायची, हे त्यांचं काम. पाच वाजता ते संपलं की माणसांची पारख सुरू. समोरच्याचं नाव विचारायच्या आधी प्रश्न, "आजी कोन्या गावची?" नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी म्हणाले, "ह्यो राग तुमचा न्हाई सायेब, आत्याकडून आला आसंल." साहेबांना आत्या होती, आणि ती तशीच होती. साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. झरीच्या बाजारात शेळी घ्यायला गेले, तर शेळीपेक्षा मालकाचे दात जास्त वेळ बघत बसले.

मागल्या वर्षी एकदा म्हणाले, "साळवे, उजव्या डोळ्यात कोपऱ्याला कायतरी काळं हालायलंय." मोतीबिंदू असेल म्हणून मी हसण्यावारी नेलं. इथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून आत पाहिलं, परत पाहिलं आणि थेट पुण्याला जायला सांगितलं. बापूरावांची मुलगी शारदा पुण्यातच नोकरीला. बापूराव आणि वहिनींसोबत मीही गेलो.

डोळ्यालाही कर्करोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीत गाठ दाखवली. बुबुळाच्या मागं, आतल्या आत वाढता वाढता तिनं वरचा पापुद्रा फोडला होता आणि वर गोल टोपी काढून बसली होती.

"साळवे, कुत्र्याची छत्री!" बापूराव कौतुकानं ओरडले. "उकिरड्यावर उगवती, हुबेहूब तीच!"



गाठ मोठी होती. डोळा काढावा लागला. गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला, आणि बापूराव बियाण्याच्या निकालासारखी त्याची वाट बघू लागले. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, "गाठीच्या पेशींत गुणसूत्रांच्या तिसऱ्या जोडीतलं एक नाहीसं झालंय. अशी गाठ यकृतात पसरायची भीती जास्त. दर काही महिन्यांनी पोट तपासत राहावं लागेल." (आजवरच्या तपासण्या स्वच्छ आल्यात.)

"म्हंजे जोडीतला एक फरार," बापूराव म्हणाले. शारदा झेरॉक्स काढायचं निमित्त करून बाहेर गेली.

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला. "हा बदल त्या गाठीपुरता असतो, तो वारशानं येत नाही. पण मोजक्या घराण्यांत अशा गाठींचा धोका रक्तातूनच उतरतो. म्हणून घरच्यांचं विचारतो."

बापूराव खुलले. चार पिढ्या, कोण कशानं गेलं, सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर बाप्यांसाठी चौकोन, बायांसाठी गोल काढत गेले. सगळ्यात खाली एकच गोल आला. शारदा.

त्या गोलावर बापूरावांनी बोट ठेवलं. "सायेब, माझं काय व्हायचं ते होऊ द्या. हिचं रक्त आजच तपासा. माझ्याकडून लेकीला गेलं आसंल तर..." राहिलेल्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, आसं काय करायलाव? शारदा आपण अनाथाश्रमातून आणली ना. आठ दिसाची होती. तिलाबी ठाऊक हाय."

बावीस वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. पण खरा धक्का बसला तो बापूरावांचा चेहरा बघून. ते वहिनींकडे नुसते बघत राहिले. साऱ्या दुनियेचं मूळ विचारत फिरणारा हा माणूस एवढी गोष्ट खरोखर विसरला होता.

"ध्यानातच न्हाई आलं गं," ते म्हणाले.

"मग तिला तुमच्याकडून काही धोका नाही," असं म्हणून डॉक्टरांनी तो खालचा गोल खोडायला पेन टेकवलं. बापूरावांनी त्यांचा हात धरला.

"खोडू नका, सायेब. ऱ्हाऊ द्या तिथंच."