गाडी अडखळते, सबब समिती नेमण्यात येत आहे

बिघडणे हा यंत्राचा स्वभाव आहे. पण बिघाड सिद्ध होणे हे माणसाच्या संस्कृतीचे लक्षण आहे. रानटी लोक गाडी बिघडली की बॉनेट उघडतात. सुधारलेले लोक आधी अर्ज भरतात.

पाणी-तपासणी विभागाची एसयूव्ही सतरा वर्षांची होती आणि ड्रायव्हरकाका तिच्यावर पहिल्या दिवसापासून होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून नमुन्याची एकही बाटली फुटली नव्हती. (एक फुटली होती, पण ती भांडारपालांच्या टेबलावर.) मागे बसलेल्या तपासनीसबाईंना डुलकी लागावी, इतका त्यांचा पाय हलका. विभागात आपल्याला मान आहे तो या एका पायामुळे, हे काकांनाही ठाऊक होते.

अशा या गाडीने एके दिवशी चढावर गचका खाल्ला. एक्सिलरेटर दाबावा तर ती विचारात पडे, आणि विचार संपला की एकदम उसळी घेई. उभ्या उभ्या इंजिनाची रेस आपोआप वर-खाली होई. तिसऱ्या दिवशी चार बाटल्या फुटल्या, तेव्हा काकांनी नियमाप्रमाणे तक्रार-अर्ज भरला.

या अर्जाचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यात दोषाची पाच कारणे छापलेली असतात: इंधन, हवा, वीज, झीज आणि चालक. पहिली चार पुराव्याने सिद्ध करावी लागतात. त्यांतले काहीच सिद्ध झाले नाही, तर पाचवे आपोआप सिद्ध होते. मागे एका चालकाचे ते असे सिद्ध झाले, तेव्हापासून तो आवक-जावकच्या टेबलावर पाकिटे चिकटवतो. (चांगली चिकटवतो.)

अर्ज तपासणारी समिती महिन्याने बसणार होती. पाणी मात्र रोज तपासावे लागे. म्हणून काकांनी एका दुपारी बॉनेट उघडले, इंजिन तापू दिले आणि कान लावला. हवेच्या रबरी पाइपला बोटभर चीर पडली होती. गार असताना ती मिटलेली असे. तापली की उघडून सूं करी. काकांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर घट्ट आवळली आणि गाडी पूर्वीसारखी मऊ चालू लागली. एकूण वेळ अकरा मिनिटे, त्यात हात धुणे धरून.

खुशीत ते अर्ज मागे घ्यायला वरिष्ठ लिपिकांकडे गेले. लिपिकांनी चष्मा पुसला.

"काका, समितीनं बघायच्या आधीच दोष गेला, म्हणजे तो नव्हताच. नव्हता, तर मग बाटल्या कुणी फोडल्या?"

"अहो, पाइपला चीर होती. मी बांधली."

"म्हणजे पुरावा बांधून टाकलात, असं लिहू का मी?"

काका आले तसे परत गेले. पट्टी सोडून चीर दाखवावी, असेही मनात आले. पण चाचणी कार्यालयाच्या आवारात, दहा मिनिटे आणि गार इंजिनावर घ्यायची, असा नियम होता. शिवाय बॉनेट उघडणे समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हते.

समितीत चौघे होते: साहेब, वरिष्ठ लिपिक, भांडारपाल आणि एक तांत्रिक सदस्य. (हे लिफ्टचे तज्ज्ञ होते, पण लिफ्टही अडखळते, हे विसरून चालणार नाही.) पहिल्या चाचणीत गाडीने आवारात सहा फेऱ्या मारल्या आणि साहेबांना झोप लागली. नोंद झाली: 'दोष पूर्वसूचना देऊनही गैरहजर. त्यास एक अखेरची संधी देण्यात यावी.'

पुढचे पंधरा दिवस काका रोज सकाळी रिकाम्या आवारात सराव करत होते. सतरा वर्षे ज्या पायाने गचका बसू दिला नाही, त्यालाच आता गचके शिकवायचे होते. काकांना फक्त रडू यायचे बाकी राही. पण आवक-जावकचा डिंक डोळ्यांसमोर आणला की पाय ऐके.

दुसऱ्या चाचणीत गाडी अशी अडखळली आणि अशी उसळली की तांत्रिक सदस्यांचा डबा थेट पुढच्या काचेवर गेला. समिती हरखून गेली. एकमताने 'झीज' या कारणावर खूण झाली आणि इंधनपंप, फिल्टर, प्लग, दोन सेन्सर व (भांडारात पडून होता म्हणून) एक आरसा बदलण्यात आला. संशयित भागांपैकी ब्याण्णव टक्के नवे झाले. उरलेल्या आठ टक्क्यांत तो पाइप होता, पट्टीसकट.

त्याच आठवड्यात काकांच्या जावयाने नवी गाडी घेतली आणि ती चालवायचा पहिला मान सासऱ्यांना दिला. पहिल्याच कोपऱ्यावर गाडी अडखळली, मग उसळली. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच. मागून बायकोने विचारले, "अहो, ही तर कोरी आहे ना? मग हे काय?"

काकांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली जावयाच्या हातात दिली. "गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "मीच बिघडलोय."

दुरुस्तीनंतरची चाचणी सोमवारी होती. आता दोष दिसला, तर उरणारे कारण एकच होते. काकांनी जीव मुठीत धरून एक्सिलरेटरवर पाय ठेवला, आणि पायाने शिकवलेले सगळे करून दाखवले. सहाही फेऱ्यांत साहेबांचे कपाळ डॅशबोर्डवर आणि मागच्या तिघांची कपाळे पुढच्या सीटवर आपटत होती. गाडी थांबल्यावर काका मान खाली घालून म्हणाले, "साहेब, दोष माझ्या पायात आहे. घ्या लिहून."

कोणी लिहिले नाही. दोष अजून आहे म्हणावे, तर एवढे भाग कशासाठी बदलले, हा प्रश्न समितीच्याच अंगावर येत होता. साहेबांनी कपाळ चोळत विचारले, "कुणाला काही जाणवलं?" भांडारपाल नाक दाबून म्हणाले, मुळीच नाही. तांत्रिक सदस्यांच्या मते लिफ्टसुद्धा इतकी अलगद चालत नाही. अहवालात आले: 'गाडी निर्दोष. चालकाचे कौशल्य वाखाणण्याजोगे.'

काका अजून तीच गाडी चालवतात. त्यांना वाईट वाटते, पण वाईट वाटण्यासाठी वेगळा अर्ज आहे. तपासनीसबाई बाटल्या मांडीवर घट्ट धरून बसतात आणि गाडी मऊ चालते असेच सांगतात.

अहवालात फक्त एक सही बाकी आहे. ती त्रयस्थ नागरिकाची हवी: ज्याने पहिल्यापासून सगळे पाहिले, चीर कुठे होती हेही ज्याला माहीत होते, आणि तरी जो शेवटपर्यंत मजेत बसून राहिला. आपण इथवर आलाच आहात, तर जरा पेन काढा.