उघड्या डोळ्यांची राखण

बिबड्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांच्या, राखणीला मी बसतो, असं मीच कबूल केलं. कोणी बळजबरी केली नव्हती. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाने एक किरकोळ रजा टाकून गच्चीवर खुर्चीत बसायचं आणि कावळे हाकलायचे, यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. (मला जेव्हा जेव्हा असं वाटलं आहे, तेव्हा तेव्हा घरात भांडी आदळली आहेत.)

तशी माझी प्रकृती शिकाऊ आहे. ज्याच्या शेजारी बसेन त्याचं काहीतरी उचलतो. फक्त नेमकं नको तेच उचलतो. मुक्ताईनगरच्या मामांकडे मी दोन महिने भजन शिकायला राहिलो, आणि भजनाआधी ते घसा कसा खाकरतात तेवढं शिकून परतलो. आजही मी असा खाकरलो की चार माणसं सावरून बसतात. पुढे काहीच येत नाही, एवढंच.

त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, माझ्या शेजारच्या टेबलावर चाळीसगावहून बदली होऊन बन्सीलाल आला. हा माणूस उघड्या डोळ्यांनी झोपायचा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, समोर फाईल. उजव्या हाताचं बोट जिभेला लागायचं, पान उलटायचं, पुन्हा जिभेला, पुन्हा पान. साहेबांनी काही विचारलं की झोपेतच उत्तर, "हं, बघतो." साहेब खूश. मी महिनाभर त्याच्याकडे बघत बसलो आणि एका दुपारी मलाही ते जमलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाकडून काहीतरी पूर्ण शिकलो होतो. फार आनंद झाला. त्या आनंदात पुन्हा झोपलो.

आता बिबड्यांकडे येतो. आमची मुलगी लता धुळ्याला दिली आहे. तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, आदल्या वर्षी आमच्याकडची बिबडी हातात धरून चारचौघींत म्हणाल्या होत्या, "हाई बिबडी शे का भाकर?" ते माझ्या बायकोच्या, लिलाबाईच्या, काळजात रुतून बसलं. ती पारोळ्याची. तिथल्या माणसाला शिवी चालते, पण स्वयंपाकाला नाव ठेवलेलं चालत नाही. वर्षभर ती त्या एका वाक्यावर जगली. यंदा तिने पहाटे चारला उठून ज्वारीचा घाटा शिजवला, ओल्या धोतरावर एकेक बिबडी थापली. इतकी पातळ, की खालचं धोतराचं सूत मोजता यावं. साठ बिबड्या झाल्या. अकरा वाजता अर्धवट वाळलेल्या बिबड्या तिने धोतरावरून सोडवून खाटेवर मांडल्या आणि मला म्हणाली, "रविवारले धुळाले न्यायन्या शेत. डोया उघडा ठेवा."

डोळे मी उघडेच ठेवले. याबद्दल माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

एप्रिलमधलं जळगावचं ऊन तुम्हांला ठाऊक असेल. बारा वाजता आवाजसुद्धा वितळतात. छत्रीच्या सावलीत बसलो होतो, खाट हाताशी होती, ओल्या बिबड्यांचा तीळ-लसणाचा वास येत होता. लांब कुठेतरी पाण्याचं इंजिन टुकटुक करत होतं. ते हळूहळू जवळ आलं आणि मी एका केळीच्या बागेत शिरलो. काय ती बाग! पानं डोक्यावर मिळालेली, पाटाचं गार पाणी पावलांवरून चाललेलं, सगळा उजेड हिरवा. केळीच्या घडांऐवजी फायली लटकत होत्या आणि त्यांचे कागद मऊ, किंचित खारट होते. पलीकडे पाटाच्या काठावर धुरपदाबाई हात जोडून उभ्या होत्या. "व्याही, तुमना घरनी बिबडी म्हंजे कागद शे कागद!" मी फक्त बोट जिभेला लावत होतो, पान उलटत होतो. एवढं सुख मला सरकारी नोकरीतसुद्धा मिळालं नव्हतं.

मध्येच बागेत कोणीतरी विचारलं, "कावया येतस का हो?"

"हं, बघतो," मी म्हणालो.

"काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"हं, बघतो."

मग बागेतलं सगळं पाणी एकदम माझ्या तोंडावर आलं. समोर लिलाबाई, हातात रिकामा तांब्या. माझ्या हातात अर्धी बिबडी. उरलेली अर्धी तोंडात.

"कावया नही उनात," ती म्हणाली, "तुम्ही उनात!"

पान उलटून उलटून मी खाट जवळजवळ सगळी वाचून काढली होती. तिने मोजल्या. अकरा उरल्या होत्या.

"आते धुळाले काय तोंड दखाडू मी?" असं म्हणून ती खाटेच्या कडेवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. ती ओरडली असती तर मला सवय होती. तिचं रडणं मला बघवेना. लाज वाटली, खरी लाज. (पोटही दुखत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच तिला उठवलं. म्हटलं, "शिकव." तिने घाटा ढवळून दाखवला, हात ओला करून कसा फिरवायचा ते दाखवलं. माझ्या चाळीस बिबड्या झाल्या. एकेक बिबडी अशी, की दार उघडं राहावं म्हणून खाली लावता आली असती. जाड खाली, तिच्या अकरा वर, असा तिने डबा भरला आणि रविवारी आम्ही धुळ्याची एसटी धरली.

रस्ता होता तसा होता. धुळ्याला डबा उघडला तेव्हा वरच्या अकरांचं पीठ झालं होतं. लिलाबाईचा चेहरा मला आजही आठवतो. धुरपदाबाईंनी चुरा बाजूला केला, खालची एक बिबडी काढली, वाकवून पाहिली, विस्तवावर धरली. ती टम्म फुगली. मोडून तोंडात टाकली.

"यंदा खालन्या बठ्ठ्या आख्ख्या उन्यात," त्या म्हणाल्या. "आनि खुसखुशीत शेतस हो! कोनी थाप्यात?"

मी घसा खाकरला. चार माणसं सावरून बसली. पण पुढे काही येण्याआधीच लिलाबाई, पापण्या अर्ध्या मिटून, शांतपणे म्हणाली, "मीच."

मी बघतच राहिलो. बन्सीलालला मी महिनाभर निरखलं होतं. हिने मला एकाच दुपारी निरखलं होतं.

"आनि व्याही काय करतस?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"ते राखन करतस."

धुरपदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. माझा उजवा हात आतच होता. त्यांनी तो मुकाट्याने बाहेर काढला आणि झाकण लावलं.