शालिक काकाजींचा समुद्र

माझ्या अक्षराची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे अंगणातल्या चिखलात कोंबडी फिरून गेल्यासारखं. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कोणाच्या हाती लागलंच तर हसू नये, कारण हेच अक्षर एकदा सरकारच्या समुद्राच्या कचेरीत जाऊन आलं आहे. ते शालिक काकाजींमुळे.

शालिक काकाजी आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्यांच्या हातात कायम एक बल्ली असायची. बल्ली म्हणजे लांब बांबू, काकाजींपेक्षा हातभर उंच, त्याला थोड्या थोड्या अंतरावर लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. लोक काठी टेकायला घेतात, काकाजी खुपसायला घेत. रस्त्यावर डबकं दिसलं की खुपस. नाली दिसली की खुपस. पाटलाच्या पोरीच्या लग्नात भाजीचा मोठा गंज चुलीवर होता, त्यातही बल्ली घालायला निघाले. आचारी झारा घेऊन धावला.

"वरून तर्री दिसून राहिली," काकाजी शांतपणे म्हणाले, "खाली आलू आहेत का नाही, कोणं पाह्यलं?"

त्यांचं एकच बोलणं होतं. "वरचं नोको सांगू, खालचं सांग." माझ्या नणंदेचं जमत होतं तेव्हा आमचे हे कौतुकानं सांगायला गेले, पोरगा नोकरीवर आहे, घरी ट्रॅक्टर आहे, दारू पीत नाही. काकाजी म्हणाले, "वरचं नोको सांगू, खालचं सांग." जावई चांगला निघाला. काकाजी अजून वाट पाहून आहेत.

त्यांचा सगळा जन्म गावच्या तलावात गेला. मासेमारीच्या सोसायटीत ते जुने. आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली जातं आणि अर्धा तळ उघडा पडतो. मग अख्खं गाव त्यावरून चालतं. कुठं जुनं खोड आहे, कुठं जेसीबीनं माती काढून खड्डा केला, सगळ्यांना दिसतं. पावसाळ्याआधी काकाजी त्या खड्ड्यांपाशी बांबू रोवत, त्यांना लाल चिंधी बांधत. पाणी भरलं की पोरं चिंधीच्या अलीकडेच पोहत.

पाणी उतरलं की मोठं जाळं पडतं, मासा निघतो, हाती पैसा येतो. म्हणून मोहल्ल्यात उसनं घेताना तारीख कोणी सांगत नाही. "पाणी उतरलं का देतो", म्हणजे उतरल्यावर देतो, म्हटलं की झालं. हरवलेलंही तेव्हाच सापडतं. माझं एक जोडवं दोन पावसाळे तलावात राहून परत आलं. काकाजींनीच आणून दिलं होतं. "तलाव काही ठेवून घेत नाही, देवका," ते म्हणाले, "फकत वाट पाहा लागते."

त्यांना एकच मुलगा, राजू. काकू तो लहान असतानाच गेल्या. राजू गावातल्या दोघातिघांसोबत कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला. रोज फोन करायचा. काकाजी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडायचे, त्यामुळे बापलेकांचं बोलणं पूर्ण मोहल्ल्याला पाठ. राजू म्हणायचा, "बाबा, इथं दिवसातून दोनदा पाणी मागं जाते." काकाजी म्हणायचे, "अन् खाली का आहे?" राजू हसायचा. "मले का माहीत? मालकाले माहीत असन."

मालकालाही माहीत नव्हतं. पाण्याखाली कधीचं बुडालेलं एक जहाज होतं, त्यावर बोट आदळली. बाकीचे पोहून निघाले. राजू सापडला नाही.

काकाजींनी तेराव्या दिवशी तेरवी केली नाही. नातेवाईक आले, बोलले, भांडले. भाऊबंदांपैकी एकानं तोंडावर म्हटलं, "पोराले पाणी पाजायले पैसे नाहीत का तुयापाशी?" काकाजी म्हणाले, "आहेत. पाणी उतरलं का करू." दुःखानं डोकं फिरलं असेल असं समजून सगळे आपापल्या घरी गेले. काकाजी मात्र त्यानंतर बल्ली घेऊन जास्तच फिरू लागले.

अशात एक दिवस ते कॉम्प्युटर सेंटरमधून घाईघाईनं माझ्या दारात आले. सेंटरवाल्यानं त्यांना मोबाईलवरचं वाचून दाखवलं होतं. सरकार समुद्राच्या तळाचे नकाशे करतं, जहाजांना वाट दाखवतं, त्या कामात काय सुधारावं ते नागरिकांनी लिहून पाठवावं. पुढं एका बंदराच्या गावी बैठकही आहे, कोणालाही बोलता येईल.

"लिही," काकाजी म्हणाले.

आमचे हे खाटेवर होते. "काकाजी, गोंदिया कुठं अन् समुद्र कुठं? तुमाले कोण विचारून राहिलं?"

"नागरिक लिवलं आहे त्यात. मी का बैल आहो?"

मी लाजत होते. सरकारला माझ्या अक्षरात लिहायचं म्हणजे अंगावर काटा येत होता. पण गावात दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्यानं आधी हसून घेतलं असतं. मी लिहायला बसले आणि काकाजी सांगत गेले. समुद्रात जिथं जिथं बुडालेलं जहाज किंवा दगड असेल तिथं खूण करावी. चिंधी लालच लावावी आणि दरवर्षी बदलावी, उन्हानं तिचा रंग जातो. नकाशा फक्त मालकाच्या घरात राहू नये, बंदरावरच्या चहाच्या टपरीवर टांगावा, कारण नकाशा एकापाशी असतो आणि बुडतो दुसराच. राजूची बोट ज्या जागी गेली त्या जागी पहिली खूण करावी.  मग म्हणाले, "अन् हे लिही. समुद्राचं पाणी कोणत्या महिन्यात उतरते ते आमाले कळवावं. तवा सगळा तळ पाहून घ्यावा."

आमचे हे फसकन हसले. "समुद्र आटते का कधी?"

"तू पाह्यला?"

"नाही."

"मंग? दिवसातून दोनदा मागं जाते म्हणते पोरगा. वर्षातून एक डाव तं पुरा जात असन."

मीही समुद्र पाहिलेला नव्हता. मी लिहून टाकलं.

सेंटरवाल्यानं कागदाचा फोटो काढून पाठवला. आपली सूचना मिळाली, असं उत्तर आलं. काकाजींनी ते सेंटरवाल्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि बैठकीला जायचं ठरवलं. भाड्याचे पैसे माझ्याकडे मागितले. माझ्यापाशी मोहफुलं विकून आलेले होते. त्यांच्या घरी डब्यात पैसे आहेत हे मोहल्ल्याला ठाऊक होतं, पण त्या डब्याला ते हात लावत नव्हते. कशासाठी ठेवलेत ते मी विचारलं नाही. "पाणी उतरलं का देतो," ते म्हणाले.

बल्ली सोबत होतीच. गोंदिया स्टेशनवर टीसीनं अडवलं. "चाचा, ये बांस लेके कहाँ चले?"

"समुंदर नापने."

टीसी म्हणे इतका हसला की सोडूनच दिलं. डब्यात मात्र बल्ली कुठंच मावेना. सगळ्या प्रवासात ती लोकांच्या पायांखालून आडवी गेली आणि काकाजींनी रस्ताभर शिव्या खाल्ल्या.

पुढचं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तेही माझ्या दारात बसून, तुटक तुटक.

बैठक मोठ्या सभागृहात होती. जहाजवाले होते, मच्छीमार होते, साहेब लोक होते. काकाजींचा नंबर आला. एका तरुण साहेबबाईच्या हातात माझा कागद होता. तिनं तो नीट वाचला, हसली नाही. राजूच्या जागेबद्दल सगळं विचारून घेतलं, वहीत लिहिलं, तपासून नकाशात खूण घेऊ म्हणाली. चिंधीऐवजी आता दिव्याचं तरंगतं पिंप लावतात, हेही समजावलं.

"अन् पाणी कवा उतरते?" काकाजींनी विचारलं.

मागची माणसं हसली. बाई हसली नाही. म्हणाली, "आजोबा, भरती-ओहोटीला पाणी थोडं मागंपुढं होतं. पण समुद्र आटत नाही."

"वर्षातून एक डावही नाही?"

"नाही."

"लई मोठा दुष्काळ पडला तरी?"

"नाही, आजोबा. कधीच नाही."

काकाजी म्हणाले, "बरं." आणि खाली बसले.

मी चहा गाळत होते, तशीच थांबले. तेव्हा मला समजलं की तेरवीचं ते बोलणं डोकं फिरल्याचं नव्हतं. हा माणूस इतके दिवस समुद्र उघडा पडायची वाट पाहत होता, म्हणजे तळावरून चालत जाऊन पोराला आणता येईल. माझं जोडवं आणलं तसं.

"बल्ली कुठं आहे, काकाजी?" मी विचारलं. हात मोकळे होते, कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"पाणी मागं गेलं होतं, तवा आत गेलो जेवढं जाता आलं तेवढं. तिथं रोवून आलो." मग चहाच्या पेल्यात पाहत म्हणाले, "मांगून पाणी आलं अन् घेऊन गेलं. लाल चिंधी दिसत होती जराशी. मंग नाही दिसली."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तेरवी केली. गाव जेवलं. तो भाऊबंदही जेवला, दोनदा भात घेतला. भाजीत आलू आहेत का, हे काकाजींनी पाहिलं नाही.

पावसाळ्याआधी तलावात बांबू रोवायलाही ते या वर्षी गेले नाहीत. आमच्या ह्यांनी रोवले. वाकडे रोवले. काकाजी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नुसते पाहत उभे होते. मला ते फार लागलं.

धानाची रोवणी संपली, तलाव काठोकाठ भरला. एक दिवस सकाळी काकाजी दारात आले आणि नोटांची घडी पुढं केली. भाड्याला घेतले होते तेवढे सगळे.

"आताच कायले, काकाजी?" मी म्हणाले. "तलाव भरून वाहून राहिला. पाणी उतरलं का देजा."

"ते पाणी नाही उतरत, देवका." नोटा त्यांनी माझ्या हातात ठेवल्या आणि माझी बोटं मिटवली. "घे. राजूच्या लग्नासाठी ठेवले होते."

मी मोजले नाहीत. पूर्ण होते.