मुकुंदकाकांची कंबर

मुकुंदकाका भाजी आणायला निघाले, की रिकाम्या पिशवीत आधी स्वतःचं एक किलोचं वजन टाकतात. जुन्या जालन्यातले भाजीवाले त्यांना लांबूनच ओळखतात आणि न मागता दोन वांगी जास्तीची टाकतात. काका ती परत काढून ठेवतात. "जास्तीचं बी चूकच," म्हणतात.

आमच्या शेजारचे हे काका वजनमापं खात्यात निरीक्षक होते. रिटायर झाले तरी तपासणी थांबली नाही. माझ्या आईनं एकदा वाटीभर साखर मागितली, तर कोणती वाटी, असं विचारलं. ज्याला माप नाही ते त्यांच्या लेखी नाहीच. बायको, म्हणजे शकूकाकू, गुडघे दुखतात म्हणाल्या, की ठरलेलं उत्तर यायचं, "एक्स-रे बराबर आला ना? मंग."

पुढं काकांचीच कंबर धरली. दोन वर्षं झाली, उतार नाही. त्यांचेही एक्स-रे चांगलेच आले आणि काका पेचात पडले. दुखत तर होतं, पण पुरावा नव्हता.

अशात एका दवाखान्यात जुनाट दुखण्यासाठी ध्यानाचे आठ आठवड्यांचे वर्ग निघाले. आधी आणि नंतर मेंदूतली हालचाल मशीनवर नोंदवणार होते. ध्यानाशी काकांना देणंघेणं नव्हतं, पण मशीन म्हटल्यावर तयार झाले. मी ऑटोनं सोबत गेलो.

तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. मशीनची शेवटची पडताळणी कधी झाली, हे काकांनी आधी विचारून घेतलं. पडद्यावर रेघा धावू लागल्या. श्वासाकडे लक्ष द्या, असं सांगितल्यावर काका श्वास मोजायला लागले. बाई म्हणाल्या, मोजू नका, नुसते बघा. ते काकांना फार जड गेलं.

टोपी निघताच त्यांनी विचारलं, "माझं दुखणं किती भरलं?"

"काका, यात दुखणं मोजत नाहीत. मेंदूचं काम कसं चाललंय, तेवढं कळतं. किती दुखतं ते तुम्ही सांगायचं, शून्य ते दहामध्ये."

"अन् मी सांगितलं ते खरं कशावरून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

आम्ही परतलो. घरी काकू ओट्यापाशी उभ्यानं भाकरी करत होत्या. काका दारातच थांबले.

"शकू, तुझे गुडघे किती दुखून राह्यले? शून्य ते दहा."

काकू भाकरी उलटायच्या विसरल्या. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आठ," त्या हळूच म्हणाल्या. "धाकटीच्या लग्नापासून."

धाकटीचा मुलगा आता पाचवीत आहे. काकांनी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यांना बसवलं.

वर्ग संपले. कंबर सातावरून चारावर आली, असं काका सांगतात. रेघांत काय फरक पडला, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. रोज सकाळी दोघं गॅलरीत सतरंजीवर डोळे मिटून बसतात. पाय पसरून बसलेल्या काकूंना कधी डुलकी लागते. काका एक डोळा उघडून पाहतात, आवाज न करता त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सरकवतात आणि पुन्हा डोळे मिटतात.