प्रश्न चौदावा: मांस किती वेळा?

देशाची भरभराट शेवटी देशाच्या पोटात शिरून मोजावी लागते. धरणं, पूल, कारखाने हे सगळं आपल्या जागी ठीक आहे. पण लोक घरात बसून काय खातात, काय नेसतात, किती साबण झिजवतात, यावरच अर्थशास्त्राचा सगळा डोलारा उभा आहे. आता दुसऱ्याच्या पोटात डोकावणं असभ्य मानतात, म्हणून सरकारने ते काम पगारी माणसांना दिलं. त्यांतला मी एक. महल्ला शहरात गेली सव्वीस वर्षं मी घरोघर जाऊन घरगुती उपभोगाची पाहणी करतो. माझं नाव वगीह. लोक मला तोंडावर आदराने उस्ताज म्हणतात. दार उघडण्याआधी आत काय म्हणतात, ते लिहायला फॉर्मात रकाना नाही.

फॉर्म अठ्ठावीस पानांचा आहे, आणि तो ज्याने बनवला त्याच्यापुढे मी हात जोडतो. माणसाच्या आयुष्यातलं काहीही त्याने सोडलेलं नाही. डाळ किती, तेल किती, उशा किती, उशांचे अभ्रे किती, अभ्रे उशांपेक्षा जास्त असल्यास कारण काय. सव्विसाव्या पानावर ‘आपण समाधानी आहात का’ असा प्रश्न आहे (हो, नाही, लागू नाही). पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय की या पाहणीचा आपल्या रेशनकार्डाशी काहीही संबंध नाही. (तो संबंध दुसरं खातं लावतं.)

जनतेचा या ठळक अक्षरांवर पूर्ण विश्वास आहे, म्हणून मी दारात दिसलो की घरातला फ्रीज चादरीखाली जातो. माझ्या नोंदींप्रमाणे महल्ल्यातल्या शंभरांपैकी एक्क्याण्णव घरांत मांस शिजत नाही. उरलेली नऊ घरं कसायांची आहेत. हे कसाई कुणाला मांस विकून पोरांना डॉक्टर करतात, हा प्रश्न फॉर्मात नसल्यामुळे मी विचारत नाही. ‘साखर? साखर बघून वर्ष झालं हो!’ असं म्हणत बाई माझ्या चहात चार चमचे ढवळत असते. तो चहा मी पितो, पण धरत नाही. नियमाप्रमाणे पाहणी करणाऱ्याने प्यायलेली वस्तू त्या घराचा उपभोग होत नाही.

मात्र याच घरात मुलगी लग्नाची झाली की चित्र पालटतं. मी येतो तेव्हा जे घर फूल, म्हणजे उकडलेला वाल, आणि डाळीवर दिवस काढत असतं, ते विहीणबाई आल्या की बदकाखेरीज बोलत नाही. मग आंदण जमवायला सुरुवात होते. आमच्याकडच्या बेताच्या घरातलं बेताचं आंदण म्हणजे: अठ्ठेचाळीस टॉवेल, बावीस ब्लँकेटं, जेवणाचे तीन सेट, चहाचे बारा डझन पेले, आणि हे सगळं बाहेरून दिसावं म्हणून काचेचं एक कपाट. ही मालमत्ता उघड्या गाड्यांवर लादून गावभर मिरवत नेतात आणि मग तिला जन्मभर कुणी हात लावत नाही. फॉर्मात ‘खरेदी’ आणि ‘वापर’ असे दोन रकाने आहेत. पहिला भरताना माझा हात दुखून येतो आणि दुसरा कोराच राहतो. असा शिस्तीचा उपभोग जगात दुसरीकडे असेलसं मला वाटत नाही.

एका मंगळवारी दुपारी मी हाज बयूमींच्या घरी होतो. हाज बयूमी कापड गिरणीत रंगखात्यातून निवृत्त झालेले, बोलणं कमी, खोकणं जास्त. त्यांची बायको इन्साफ घरातलं सगळं बोलणं एकटी सांभाळते. मुलगी अबीर सत्तावीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात कामाला; धाकटा मुलगा अजून शाळेत. तिचं गिरणीतल्याच वाइल नावाच्या मुलाशी लग्न ठरून तीन वर्षं झाली होती. अडलं होतं एका वस्तूपाशी. वाइलच्या आईला, तहानीबाईंना, आंदणात मोठा फ्रीजर हवा होता. ‘आमच्याकडे अर्धं वासरू एकदम येतं,’ असं त्यांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं. अबीरचा तीन वर्षांचा पगार टॉवेल, ब्लँकेटं आणि पेल्यांत गेला होता. बारा डझन पेल्यांची, बशांची खोकी भिंतीला लागून छतापर्यंत रचलेली होती, आणि मला चहा मिळाला होता मुरंब्याच्या रिकाम्या बाटलीत.

आम्ही चौदाव्या प्रश्नावर होतो: ‘आठवड्यातून मांस किती वेळा?’

‘मांस?’ इन्साफबाई म्हणाल्या. ‘ते काय असतं, उस्ताज?’

मी लेखणी टेकवणार एवढ्यात दार वाजलं, आणि तहानीबाई बासबूशाचा, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन थेट आत आल्या. आंदणाच्या गाड्या कधी काढायच्या ते ठरवायला आल्या होत्या. इन्साफबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला दूरचा काका म्हणून खपवावं असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसलं, पण माझ्या छातीवर मुठीएवढा बिल्ला होता. तहानीबाईंनी तो वाचला, माझ्या मांडीवरचा फॉर्म पाहिला, आणि पाय दुमडून कोचावर ऐसपैस बसल्या.

‘चालू द्या, उस्ताज. आम्ही काय परक्या आहोत?’

इथे नियम नऊ सांगायला हवा. सुरू केलेला फॉर्म एका बैठकीत, जो कुणी हजर असेल त्याच्यासमोर पुरा करावा लागतो. मध्येच सोडला तर त्यावर ‘नकार’ असा शिक्का बसतो, आणि नकार देणाऱ्या घरांची यादी त्या दुसऱ्या खात्याकडे जाते. म्हणजे उत्तर दिलं नाही तर कार्ड जाणार, मांस खातो म्हटलं तरी कार्ड जाणार, आणि मांस खात नाही म्हटलं तर लग्न जाणार. चार माणसांच्या रोजच्या वीस रोट्या एका बाजूला आणि मुलीचा संसार दुसऱ्या बाजूला. मी आवाज साफ केला आणि प्रश्न पुन्हा वाचला. माझा नाइलाज होता. (नाइलाजाचा भत्ता आम्हाला वेगळा मिळतो.)

हाज बयूमी खोकले. इन्साफबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तहानीबाईंकडे. आणि मग त्या बाईने असं उत्तर दिलं की सव्वीस वर्षांत मी तसं ऐकलं नव्हतं.

‘आम्ही नाही हो खात, उस्ताज. आमच्याकडे पाहुणे खातात.’

‘आणि तुम्ही?’

‘आम्ही त्यांना वाढतो. पोट तिथेच भरतं आमचं.’

वा! मी मनातून टाळ्या वाजवल्या. फॉर्मात शून्य पडलं आणि अब्रूला धक्का लागला नाही. पुढे साखरही पाहुण्यांना लागली, तूपही पाहुण्यांना लागलं, फ्रीज अबीरबरोबर जायचा म्हणून या घरात धरायचा नाही. तहानीबाई माना डोलावत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी इन्साफबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘घराणं म्हणतात ते याला, विहीणबाई! म्हणजे आता आमच्याकडेही तुमचे पाहुणे यायचेच की. मग तो पाच खणांचा फ्रीजर काय पुरणार? सातच खणांचा घेऊ या.’

कोपऱ्यात उभी असलेली अबीर हे सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

‘उस्ताज, चौदावा प्रश्न खोडा. महिन्यातून दोनदा. प्रत्येक वेळी पाऊण किलो. चार माणसांत. पाहुणे शेवटचे आले होते ते आजोबा गेले तेव्हा.’

‘अगं बये!’ इन्साफबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ‘घर बुडवलंस! दोन्हीकडून बुडवलंस!’

आता मला एक गोष्ट सांगणं भाग पडलं, जी आम्ही सहसा सांगत नाही. जनता आकडा कमी करून सांगते हे खातं ओळखून आहे. म्हणून खात्याने शहरवार दुरुस्ती ठरवून ठेवली आहे. महल्ल्यात मांसाचा जो आकडा मिळेल त्याला आठाने गुणायचं. (शून्याला आठाने गुणलं तरी शून्यच येतं, असं एका तरुण अधिकाऱ्याने बैठकीत म्हटलं होतं. तो सध्या सिवाच्या वाळवंटात खजूर मोजतो.)

‘म्हणजे माझं दीड किलो...’ अबीर म्हणाली.

‘बारा किलो होईल. बारा किलो खाणारं घर संपन्न वर्गात जातं. संपन्न वर्गाला कार्ड नसतं.’

‘आणि खातच नाही म्हटलं तर?’

‘तर काही नाही. ठेवतात कार्ड.’

‘मग दीड किलोचं दीड किलो राहायला काय सांगायचं?’

मी कागदावर भागाकार केला. ‘एकशे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम.’

‘कसाई तेवढं तोडून देतो का हो?’ तिने विचारलं, आणि ती हसली नाही.

मी तिला समजावलं. म्हटलं, पोरी, शून्य म्हण, मी तेच लिहितो, कुणाचं काही जात नाही. ती आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आज तुम्हाला एक सांगायचं आणि यांना एक. उद्या यांच्या घरात गेले की जन्मभर तेच करत बसायचं. मला नाही जमणार, उस्ताज. मी थकले.’

तेव्हा हाज बयूमींनी खोकला आवरला. ‘कार्ड माझ्या नावावर आहे,’ ते म्हणाले. ‘ती सांगते ते लिहा.’

मी शाईने लिहिलं. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली, हे सांगायला हरकत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी खरं सांगत होतं आणि त्याला आठाने गुणणारा माणूस मी होतो.

इन्साफबाई पदराने डोळे पुसत होत्या. तहानीबाई उठतील, डबा उचलतील आणि चालत्या होतील असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. त्या उठल्या नाहीत.

‘दीड किलो कुठून आणता?’ त्यांनी विचारलं.

‘रेल्वे फाटकापलीकडच्याकडून,’ इन्साफबाई हुंदके देत म्हणाल्या.

‘तो मेला हाडं फार घालतो.’

‘घालतो ना!’

‘आमच्याकडे किलोभर येतं,’ तहानीबाई खाली बघत म्हणाल्या. ‘पगाराच्या दिवशी. सहा माणसांत.’ मग म्हणाल्या, ‘तो फ्रीजर आला असता ना विहीणबाई, तर मी त्यात काय ठेवणार होते? बर्फ!’

आधी हाज बयूमी हसले, मग अबीर, आणि मग इन्साफबाई रडता रडता इतक्या हसल्या की पाणी आणावं लागलं. बासबूशाचा डबा उघडला गेला. मलाही एक तुकडा मिळाला, आणि तो त्या खोक्यांतलं एक फोडून नव्याकोऱ्या बशीत मिळाला.

तहानीबाईंचं ते किलोभर मी लिहून घेतलं नाही, कारण त्यांच्या घराचा क्रमांक गुरुवारी होता. गुरुवारी मी गेलो. चौदावा प्रश्न विचारला. त्या बाईने माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, ‘एक ग्रॅमसुद्धा नाही.’ मी शून्य लिहिलं आणि आठाने गुणलं.

दीड महिन्यात हाज बयूमींचं कार्ड बंद झालं. ते संपन्न ठरले. तहानीबाईंचं कार्ड टिकलं. त्या उपाशी ठरल्या. लग्न फ्रीजरशिवाय झालं. आता रोज सकाळी गिरणीत जाताना वाइल आपल्या आईच्या कार्डावरच्या रोट्यांतल्या दहा रोट्या सासऱ्यांच्या घरी देऊन जातो. हाज त्या दारातच घेतात आणि रोज त्याला चहा प्यायला थांब म्हणतात. खात्याच्या अहवालात यावर एक परिच्छेद आला: ‘बारा किलो मांस खाणारी कुटुंबं मुळीच मांस न खाणाऱ्या कुटुंबांशी सोयरीक करू लागली असून, हे सामाजिक समतेचं आशादायक लक्षण आहे.’ मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी काचेच्या कपाटात ठेवलं आहे.

आता तुमचं. तुम्ही मंडळी दूरची; तुमच्या दारी मी येणार नाही. पण चौदावा प्रश्न वाचला तेव्हा तुम्ही मनातल्या मनात आपल्या घरचा आकडा काढलात. मांस खात नसाल तर तुपाचा काढलात. नाही म्हणू नका, सव्वीस वर्षं मी माणसांची तोंडं वाचतो. आकडा निघाला, आणि लगेच तुम्ही तो थोडासा सरकवलात. कुणी वर, कुणी खाली. तिथे मी नव्हतो, विहीणबाई नव्हत्या, तुमचं कार्डही कुणी तोडणार नव्हतं. खोलीत तुम्ही एकटेच होतात. मग सरकवलात तो कुणासाठी?