नत्थुजींची न झालेली बदली

"तीस वर्सं नोकरी झाली, मले भले भले फसवू शकले नाईत! हे बोटभर ॲप काय फसवन?"

तिवशाच्या एका सरकारी कचेरीतले बडे बाबू नत्थुजी यांनी असं छाती ठोकून सांगितलं आणि प्रशिक्षणाचं ॲप मोबाइलवर घेतलं. कागद जाऊन सगळं काम संगणकावर येणार, तेव्हा प्रत्येकानं हे ॲप शिकायचं, असा आदेश होता.

ॲपनं आधीच विचारलं, 'तुमचे ठिकाण वापरण्याची परवानगी द्याल का?'

"ठिकान कावून पायजे याले?" नत्थुजींचे कान टवकारले.

"सगळेच ॲप इचारतात, बडे बाबू," बाजूच्या टेबलावरची कहकशाँ म्हणाली.

"चोरबी येच्या आंधी पत्ताच इचारते!"

मग पहिला प्रश्न आला. 'तुम्ही बदलासाठी तयार आहात का?'

नत्थुजींना त्या 'ल'ला लगेच वेलांटी दिसली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, अमरावतीत घर, बायको सत्यवतीबाईंच्या हातची गरम भाकर. आणि आता बदली? त्यांनी खटकन 'नाही' दाबलं. 'बदलाविषयी कुटुंबाशी बोललात का?'

"पाहा! घरात शिरलं!" पुन्हा 'नाही'. सगळी वीस उत्तरं 'नाही'!

त्या दिवसापासून त्यांना जो तो कटात सामील वाटू लागला. शिपाई पंजाबरावानं चहा पुढे केला, तर म्हणाले, "कोनं पाठवलं तुले?"

तिसऱ्या दिवशी ॲपवर निरोप झळकला. 'आपला बदलास विरोध आढळला. पुढील सत्र : अकोला.'

झालं! नत्थुजींनी दार लावून अर्ज लिहिला. 'माझी अकोला येथील बदली रद्द व्हावी.' गुडघे, रक्तदाब, मणका, जे जे दुखत होतं आणि जे पुढे दुखू शकत होतं, ते सगळं लिहिलं. साहेबावरही संशय, म्हणून अर्ज थेट वरच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.

ते परत आल्यावर कहकशाँनं त्यांच्या मोबाइलवरचा तो निरोप वाचला नि कपाळावर हात मारला.

"अवो, हे एका दिवसाचं शिबिर हाय! बदल म्हंजे कामाच्या पद्धतीतला बदल!"

नत्थुजी अर्ज मागे घ्यायला धावले, पण तो आवक रजिस्टरात चढला होता.

वरच्या कार्यालयानं पंधरा दिवस बदलीचा आदेश शोधला. सापडेना. आदेशच नाही तर रद्द काय करणार? फाइल अडली. शेवटी एका हुशार अधिकाऱ्यानं तोड काढली : आधी आदेश काढा, मग रद्द करता येईल!

आदेश चौथ्या दिवशी आला.

"रद्दचं काय झालं, साहेब?" नत्थुजींनी विचारलं.

"प्रस्ताव गेला आहे. होईल वर्षभरात. तोवर अकोल्याला रुजू व्हा."

नत्थुजी टेबल आवरू लागले. कहकशाँ हळूच जवळ आली. तिचं सासर-माहेर दोन्ही अकोल्याचं. चार वर्षांत तिथल्या बदलीचे सहा अर्ज करून थकली होती बिचारी.

"बडे बाबू," ती कुजबुजली, "तुमच्या अर्जाची एक झेरॉक्स देता का मले?"